ओसरत्या पाण्याचा डास

डासांवरच्या कोणत्याही पुस्तकात तीन प्रकरणं ठरलेली असतात: वर्गीकरण, प्रसार आणि अधिवास. म्हणजे हा कोण, कुठवर पसरलाय आणि राहतो कशात. वाचणारा पहिल्या प्रकरणात लॅटिन नावांपाशी अडतो, दुसऱ्यात देशांच्या याद्या चाळतो आणि तिसऱ्यापर्यंत पोचण्याआधीच पुस्तक मिटतो. निदान एका डासाच्या बाबतीत तरी ही प्रकरणं शेवटाकडून वाचावीत असं माझं मत आहे. तो कोणत्या पाण्यात वाढतो हे नीट कळलं, की तो कुठे आहे आणि कुठे नाही हे उलगडतं, त्याचं बळ कशात आहे हे उमगतं, आणि त्याच्या नावामागचा गुंताही पुष्कळसा सुटतो. हा डास म्हणजे ॲनाफिलीस क्युलिसिफेसीस. भारताच्या खेड्यापाड्यांतला हिवतापाचा मुख्य वाहक. देशातल्या हिवतापापैकी साधारण ६० ते ६५ टक्के हिवताप त्याच्यामार्फत पसरतो असं मानलं जातं. आणि त्याचं पाणी समजून घ्यायला आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

घोड नदी आहुप्याकडच्या डोंगरात उगम पावते, डिंभ्याला धरणात अडते आणि शिनोली, घोडेगाव करत पुढे कळंब, पारगाव, शिरूरकडे निघून जाते. आंबेगाव तालुका एकच, पण त्यातलं पाणी एका जातीचं नाही. पश्चिमेला भीमाशंकर-आहुप्याच्या पट्ट्यात आषाढ-श्रावणात पाऊस नुसता कोसळत असतो, डोंगरउतारावर भाताची खाचरं भरलेली असतात. पूर्वेला लोणी-धामणीकडे लोक त्याच दिवसांत आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. घोडेगाव या दोहोंच्या मधे. त्यात धरणाने भर घातली. हुतात्मा बाबू गेनू सागराचे, म्हणजे याच डिंभे धरणाचे, डावा आणि उजवा असे दोन कालवे, त्यांच्या चाऱ्या, पोटचाऱ्या, नदीवरचे कोल्हापुरी बंधारे, जागोजागच्या विहिरी. पाण्याची इतकी रूपं एका दिवसाच्या पायपिटीत पाहायला मिळतात.

श्रावणातली घोड नदी पाहा. तांबूस, गढूळ, काठोकाठ. एवढं पाणी, पण क्युलिसिफेसीसच्या कामाचा त्यातला थेंबही नाही. वाहत्या लोंढ्यात अंडी टिकत नाहीत, अळ्या वाहून जातात. पुढे दिवाळीच्या सुमाराला पाणी उतरतं, पात्राची कड उघडी पडते. खडकांच्या खळग्यांत, वाळू उपसून झालेल्या खड्ड्यांत, गुरं पाण्यावर येतात तिथे उमटलेल्या खुरांच्या ठशांत पाणी साठून राहतं. उथळ, नितळ, दिवसभर उन्हात तापणारं, वर सावली नाही आणि आत घाण नाही. हे त्याचं पाणी. गावातल्या गटारात तो सापडणार नाही. तिथे क्युलेक्स असतो, हत्तीरोग पसरवणारा. न्हाणीघरातल्या पिंपात, टाकून दिलेल्या टायरात, फ्रिजखालच्या ट्रेमध्येही तो नसतो. तिथे डेंग्यू-चिकुनगुन्या पसरवणारा एडीस असतो. आणि वर डोंगरात, बाराही महिने झुळझुळणाऱ्या गवताळ ओढ्यांच्या कडेला त्याचाच चुलतभाऊ ॲनाफिलीस फ्लुव्हिएटिलिस राहतो. डीडीटी येण्यापूर्वी सह्याद्रीच्या कित्येक खोऱ्यांत हिवतापाने वस्त्या ओस पडत, त्या याच भावाच्या करणीने.

आरोग्य सेवकांजवळ लांब दांड्याची एक पांढरी वाटी असते, डिपर म्हणतात तिला. अशा डबक्याच्या कडेला ती अलगद तिरकी करून पाणी घ्यावं आणि मिनिटभर हालचाल न करता पाहत राहावं. तळाच्या पांढऱ्या रंगावर बारीक काड्यांसारखं काही दिसतं. क्युलेक्सची अळी असेल तर ती शेपटाकडच्या श्वासनळीने पाण्याच्या पृष्ठभागाला धरून उलटी लोंबकळते. ॲनाफिलीसच्या अळीला ती नळीच नसते, म्हणून ती पृष्ठभागाला समांतर, अगदी आडवी पडून राहते. पोट खाली, पाठ वर; पण खाताना डोकं मात्र पूर्ण गर्रकन फिरवते, तोंड वरच्या बाजूला येतं आणि पाण्याच्या तवंगावरचे सूक्ष्म जीव ती ओढून घेते. सावली पडली की आडवीच मागे सरकते. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की अळीची ओळख कायमची पटते, त्याला पुस्तक लागत नाही. प्रौढ डासाची ओळख इतकी सोपी नाही. ॲनाफिलीस भिंतीवर तिरका बसतो असं आपण शाळेत शिकलो. पण क्युलिसिफेसीस क्युलेक्ससारखा बराचसा आडवाच बसतो. १९०१ मध्ये गाइल्स या इंग्रज लष्करी डॉक्टरने त्याला नाव दिलं, ते या साम्यावरूनच.

उथळ, नितळ, उन्हातलं पाणी असं म्हणून भागत नाही, कारण या वर्णनात बसणाऱ्या कितीतरी पाण्यांत एकही अळी सापडत नाही. भाताच्या खाचराचंच घ्या. आवणी झाल्यावर पहिले काही आठवडे खाचरात क्युलिसिफेसीसच्या अळ्या मिळतात. पीक वाढलं की त्या नाहीशा होतात. पाणी तेच, बांध तोच. पुष्कळांना वाटे की रोपांची सावली पडते म्हणून, किंवा पाण्यात काही उतरतं म्हणून. याचा छडा पॉल रसेल आणि टी. रामचंद्र राव या संशोधकांनी लावला. कावेरीच्या पाटपाण्याखाली आलेल्या तंजावर जिल्ह्यातल्या पट्टुकोट्टईला त्यांनी काम केलं आणि १९४२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यांना दिसलं, की या डासाची मादी पाण्यावर बसून अंडी घालत नाही. ती पाण्याच्या वर काही इंचांवर तरंगत, खालीवर होत, जणू नाचत राहते आणि उडता उडता एकेक अंडं खाली सोडते. त्यासाठी तिला पाण्यावर मोकळी हवा लागते. उभी रोपं आली की तिचा नाच अडतो. खात्री करण्यासाठी त्यांनी रोपं नसलेल्या पाण्यात काचेच्या कांड्या उभ्या रोवल्या. काचेची सावली पडत नाही, काचेतून पाण्यात काही झिरपत नाही. तरीही त्या पाण्यात अंडी पडेनाशी झाली. भात साधारण फूटभर उंच झाला की खाचर या डासासाठी बंद होतं, ते एवढ्याच कारणाने.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. इतका साधा, इतका स्वस्त आणि इतका निर्णायक. अधिवास म्हणजे पाण्याचा नुसता प्रकार नव्हे, त्या पाण्यावर त्या जीवाला काय करता येतं हेही त्यात आलं, ही गोष्ट काचेच्या चार कांड्यांनी सिद्ध केली. रामचंद्र राव पुढे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे संचालक झाले, आणि भारतातल्या ॲनाफिलीस डासांवरचा त्यांचा ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानला जातो.

आता या पाण्याची व्याख्या हाती घेऊन नकाशाकडे वळू. क्युलिसिफेसीस पश्चिमेला येमेन आणि आफ्रिकेच्या शिंगापासून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, संपूर्ण भारत, नेपाळ, श्रीलंका, पुढे म्यानमार, थायलंड ते व्हिएतनाम आणि दक्षिण चीनपर्यंत आढळतो. यादी लांबलचक आहे, पण या देशांतल्या ज्या भागांत तो खरा जोरात आहे ते बघितले तर चित्र एकसारखं दिसतं. नद्या पावसाळ्यात फुगतात आणि नंतर डबक्यांवर येतात, किंवा कोरड्या जमिनीवर कालव्याने पाणी आणलं जातं, असा मुलूख. आसाम-मेघालयाच्या ओल्या, झाडीतल्या पट्ट्यात हिवताप आहे, पण तिथला कारभार मुख्यतः मिनिमस आणि बायमाय या दुसऱ्या जातींच्या हातात. मोठ्या शहरांत पाण्याच्या टाक्या आणि विहिरी धरून बसलेला ॲनाफिलीस स्टीफेन्सी आहे. त्याचं पहिलं वर्णन १९०१ मध्ये लिस्टन यांनी आपल्या विदर्भातल्या अचलपूरहून केलं, आणि तो आज आफ्रिकेतल्या शहरांत शिरल्यामुळे जगाच्या चिंतेचा विषय झाला आहे. प्रत्येक जातीचा नकाशा म्हणजे तिच्या पाण्याचा नकाशा.

या विचाराची सर्वांत दारुण साक्ष श्रीलंकेत मिळाली. तिथल्या नैर्ऋत्येच्या ओल्या पट्ट्यात नद्या एरवी वर्षभर भरून वाहत, आणि त्या भागात हिवताप फारसा नसे. १९३४ मध्ये पावसाने दगा दिला. नद्या आटल्या, पात्रांत डबकी उरली, आणि लाखो लोकांच्या दारात क्युलिसिफेसीसचं पाणी येऊन ठेपलं. १९३४-३५ च्या त्या साथीत सुमारे ८०,००० माणसं दगावली. उलट १९०८ ची पंजाबातली भयंकर साथ आली ती अतिवृष्टीनंतर, जिथे तिथे पाणी तुंबल्यामुळे. एकीकडे अवर्षण, दुसरीकडे अतिवृष्टी, आणि डास तोच. पावसाचे मिलिमीटर मोजून हिवतापाचं भाकीत करणाऱ्याला हे कोडं सुटणार नाही. कोरड्या मुलखात पाऊस डबकी तयार करतो, ओल्या मुलखात पावसाची पाठ डबकी तयार करते. प्रश्न किती पाणी आहे हा नसून कोणतं पाणी उरलं आहे हा आहे.

यावर कुणी विचारेल, की पाण्याला एवढं महत्त्व का द्यायचं? डास थोडे असले तरी चावायचे ते चावणारच. आफ्रिकेतल्या ॲनाफिलीस गॅम्बीबद्दल हे खरं आहे. तो माणसालाच चावतो, बराच काळ जगतो, म्हणून थोड्या संख्येतही हिवताप वर्षानुवर्षं चालू ठेवतो. क्युलिसिफेसीस तसा नाही. त्याला माणसापेक्षा गुरं प्रिय. शिवाय हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात पक्व व्हायला दहा-बारा दिवस लागतात, आणि तेवढा काळ जगणाऱ्या माद्या थोड्या. एकेकटा धरला तर हा वाहक दुबळाच म्हणायचा. मग देशातला निम्म्याहून अधिक हिवताप तो कसा पसरवतो? संख्येच्या जोरावर. गुरांचं रक्त पोटभर, पाणी हवं तसं आणि हवामान उबदार असलं, की अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि संख्या अफाट वाढते. त्या गर्दीतून माणसाला चावणाऱ्यांचा छोटासा हिस्साही साथ पेटवायला पुरेसा ठरतो. म्हणून याचा हिवताप लाटांनी येतो: काही वर्षं शांत, मग अचानक भडका. हिवतापाचे अभ्यासक जॉर्ज मॅक्डोनाल्ड यांनी याला अस्थिर हिवताप म्हटलं. संख्येवर जगणाऱ्या डासाची संख्या ज्या पाण्यातून येते, ते पाणीच त्याचं मर्मस्थान.

वर्गीकरणापाशी मात्र माझ्या या सगळ्या मांडणीची कसोटी लागते. १९८० मध्ये ग्रीन आणि माइल्स या संशोधकांनी दाखवून दिलं, की क्युलिसिफेसीस ही एक जात नाहीच. पंखांवरचे ठिपके, सोंड, पाय, सगळं हुबेहूब, पण गुणसूत्रं वेगळी. ती पाहण्याची रीत मोठी नाजूक आहे. पोट अर्धं रक्ताचं आणि अर्धं अंड्यांचं अशा नेमक्या अवस्थेतली मादी पकडायची, तिच्या अंडाशयातल्या पोषक पेशी काढायच्या, रंगवायच्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांवरचे पट्टे वाचायचे. एका प्रकारात पट्ट्यांचा एक तुकडा सरळ असतो, दुसऱ्यात तोच उलटा फिरलेला. एकाच गावात दोन्ही प्रकार मिळाले, पण त्यांचा संकर मिळाला नाही. याचा अर्थ ते शेजारी राहतात आणि आपसात वीण करत नाहीत. म्हणजे जाती दोन. त्यांना नावं न देता ‘ए’ आणि ‘बी’ म्हटलं गेलं. पुढे दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रात सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून ‘सी’ आणि ‘डी’ ओळखल्या गेल्या. ‘बी’ देशात सर्वाधिक पसरलेली, पण गुरांवरच जगणारी आणि हिवताप पसरवण्यात जवळजवळ नगण्य. तरी रामेश्वरम बेटावर ‘बी’च सापडे आणि हिवतापही होता. हा पेच १९९९ मध्ये सुटला. तिथल्या ‘बी’मध्ये आणखी एक जात दडलेली होती, नराच्या वाय गुणसूत्राच्या आकारावरून ओळखू येणारी. ती पाचवी, ‘ई’, आणि ती पक्की वाहक निघाली.

या पाच जातींचं पाणी ढोबळमानाने सारखंच आहे. डिपरमध्ये आलेल्या अळीकडे बघून ती ‘ए’ की ‘बी’ हे कोणी सांगू शकणार नाही. मग अधिवासावरून सगळं उलगडतं हे म्हणणं इथे तुटतं का? मला तसं वाटत नाही, पण अधिवासाची व्याप्ती वाढवावी लागते. डासाचं अर्धं आयुष्य पाण्यात जातं आणि उरलेलं गोठ्यात, घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, चुलीमागच्या भिंतीवर. या भावंडांच्या वाटा पाण्यात फुटत नाहीत. त्या फुटतात संध्याकाळी, गोठ्याच्या दाराशी, कोण बैलाकडे वळतं आणि कोण बाजेवर झोपलेल्या माणसाकडे, तिथे. पाणी सांगतं डास किती होतील. गोठा आणि घर सांगतात की त्यांतले धोक्याचे किती. वर्गीकरणाच्या तज्ज्ञांनी गुणसूत्रांतून जे शोधलं, ते शेवटी राहणीतल्या फरकाचंच नाव आहे.

भिंतीवर बसण्याची ही सवयच एकेकाळी त्याच्या मुळावर आली. १९५३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात घरोघर डीडीटी फवारलं गेलं. १९४७ च्या सुमाराला देशात दरवर्षी साडेसात कोटी रुग्ण असत असा अंदाज होता. १९६१ मध्ये ते ५०,००० च्या आसपास आले. पण १९५९ मध्येच, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पंचमहाल जिल्ह्यात, डीडीटीला न जुमानणारा क्युलिसिफेसीस सापडला होता. १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. डबकी आणि पाझर या सगळ्या काळात जिथल्या तिथे होते.

घोडेगाव परिसरात आज हिवतापाची धास्ती राहिलेली नाही. राज्यातला हिवताप मुख्यतः गडचिरोली आणि मुंबईत आहे. इकडे लोक डेंग्यूला घाबरतात, आणि ते रास्तच आहे. आठवड्याचा कोरडा दिवस, पिंपं घासणं, टाकीत गप्पी मासे सोडणं, ही सगळी कामं एडीससाठी अगदी योग्य. पण त्यांचा क्युलिसिफेसीसशी काही संबंध नाही, हे समजून असावं. तो घराबाहेर वाढतो. कालव्याचं आवर्तन संपलं की तळाशी जी डबकी राहतात, अस्तराच्या भेगांतून जो पाझर बाजूच्या शेतात सतत ओल धरतो, चारीच्या तोंडाशी गाळ साचून जे पाणी थबकतं, ते सगळं नेमकं त्याच्या आवडीचं. आवर्तनाची पद्धत मुळात त्याच्या विरुद्ध जाणारी आहे. दोन पाळ्यांमधे चारी खरोखर कोरडी पडली, तर आठ-दहा दिवस लागणारी अळी वाटेतच मरते. गळकी चारी आणि फुटकं दार तिला ते दिवस मिळवून देतात. कालव्याची दुरुस्ती हे पाटबंधाऱ्याचं काम म्हणून आपण सोडून देतो. ते आरोग्याचंही काम आहे.

आणि या डासाच्या हंगामाची एका दुसऱ्या हंगामाशी गाठ पडते, तिकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही. नदी ओसरते त्याच दिवसांत ऊसतोड सुरू होते. बीड-नगरकडून आलेली कुटुंबं पाण्याच्या सोयीने चारीच्या नाहीतर ओढ्याच्या कडेला कोप्या घालतात. बैल शेजारीच बांधलेले, कोपीला दार नाही, लहान मुलं जमिनीवर झोपलेली. हा डास एक-दोन किलोमीटरच्या टप्प्यात फिरतो. इथे त्याला इतकंही जावं लागत नाही. ही माणसं गावोगाव फिरतात, त्यांच्या तापाची नोंद कोणत्याच गावात नीट होत नाही, आणि डास भरपूर असलेल्या जागी साथ पेटवायला हिवतापाचा एक रुग्ण पुरतो. कारखान्यांना, ग्रामपंचायतींना आणि तालुक्याच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. गाळप सुरू होताना कोप्यांची जागा ठरवण्याआधी आसपासचं पाणी बघा, खड्डे बुजवा, प्रत्येक कोपीत औषध लावलेल्या मच्छरदाण्या द्या, आणि थंडी वाजून ताप आलेल्या प्रत्येकाचं रक्त त्याच दिवशी तपासा.